मदत हवी आहे: इम्प्लांटवरची कॅप नीट बसली आहे का, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. आईच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचं कृत्रिम मूळ) केलंय, इथेच कोल्हापुरात राजारामपुरीत. हाड धरेपर्यंत थांबून परवा त्यावर झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप बसवली. दिसायला झकास, पण शेजारच्या दाढेलगत मटणाचा रेशा हमखास अडकतो आणि फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) ओढला की हिरडीजवळ एकाच ठिकाणी चिरतो. डॉक्टर म्हणाले, "एवढं चालतंय."

माझ्या अंदाजाने या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. रेशा अडकतो तो शेजारच्या दाताशी स्पर्श सैल म्हणून. फ्लॉस चिरतोय म्हणजे कॅपची कड नीट टेकलेली नाही किंवा ती चिकटवायचं सिमेंट बाहेर उरलंय. सिमेंट उरलं तर हिरडी सुजते, पुढे हाडही झिजू शकतं, भीती त्याचीच आहे.

कॅपच्या कडेशी १२० मायक्रॉनपर्यंतची (०.१२ मिलिमीटर) फट चालते हा आकडा सगळीकडे दिसतो, पण तो १९७१ सालचा, नैसर्गिक दातांवरच्या कॅपांचा. इम्प्लांटला तो जसाच्या तसा लावायचा का? दाताभोवती निदान लवचीक तंतू असतात, इम्प्लांट थेट हाडात घट्ट. त्यामुळे कॅपखालचा आधाराचा तुकडा इम्प्लांटला ज्या स्क्रूने जोडतात, त्या जोडात फट राहिली तर ताण स्क्रूवर येणार ना?

एक्स-रे काढलाय, पण जरा तिरका वाटतो. किरण इम्प्लांटला काटकोनात नसतील तर फट झाकली जाते म्हणे. पुन्हा काढायला सांगू का? आणि सिमेंटने चिकटवलेली कॅप न फोडता निघते का? कोल्हापूर-सांगलीकडं कुणी दुरुस्त करून घेतली असेल तर कृपया सांगा.