मदत हवी आहे: 'मगवंप'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या १८८४च्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा एक लेख मराठीत करतो आहे. बाकी सगळं झालं, पण एका शब्दापाशी चार दिवस अडलोय: मगवंप. शब्दकोशात अर्थ सापडतो तो 'कुठल्याच पक्षाचा नसलेला, काठावर बसणारा'. पहिल्या खर्ड्यात मी 'कुंपणावरचे' लिहिलं होतं. मग १८८४ साली ज्यांना हे नाव पडलं त्या माणसांबद्दल वाचत गेलो आणि ते खोडलं.

शब्द मूळचा मॅसॅच्युसेट्सच्या आदिवासींचा, अल्गॉन्क्वियन कुळातल्या भाषेतला. अर्थ लढाईतला म्होरक्या, सरदार. जॉन एलियट या धर्मोपदेशकाने त्यांच्या भाषेत केलेलं संपूर्ण बायबल १६६३ साली छापून झालं. त्यात 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या ३६व्या अध्यायात एदोमच्या सरदारांसाठी हाच शब्द योजला आहे. पुढे इंग्रजीत तो चेष्टेचा झाला, 'मोठा आलाय सरदार' अशा सुरातला.

१८८४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने जेम्स ब्लेन यांना उभं केलं. रेल्वे कंपन्यांशी त्यांचे पैशाचे व्यवहार आधीच गाजलेले, त्यांची पत्रंही बाहेर आलेली. पक्षातल्या काहींना हे पचेना. कार्ल शुर्झ, 'हार्पर्स वीकली' साप्ताहिकाचे संपादक जॉर्ज विल्यम कर्टिस, मार्क ट्वेन अशी ही मंडळी. त्यांनी उघडपणे डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना पाठिंबा दिला, आणि न्यू यॉर्कच्या 'सन' या वृत्तपत्राने त्यांना मगवंप म्हणून हिणवलं. न्यू यॉर्क राज्यात ११ लाखांहून जास्त मतं पडली आणि क्लीव्हलँड तिथे जेमतेम हजार-अकराशे मतांनी पुढे राहिले. ते राज्य गेलं असतं तर अध्यक्षपदही गेलं असतं. इतक्या अटीतटीत उघड भूमिका घेणाऱ्यांना काठावरचे कसं म्हणायचं?

काठाचा अर्थ चिकटला तो एका कोटीमुळे: ज्याचं 'मग', म्हणजे थोबाड, कुंपणाच्या एका बाजूला आणि 'वंप', म्हणजे बूड, दुसऱ्या बाजूला, तो मगवंप. व्युत्पत्ती म्हणून ही निव्वळ थाप आहे, पण लोकांच्या डोक्यात तीच बसली.

आता माझी अडचण. 'तळ्यात-मळ्यात' किंवा 'दोन्ही डगरींवर हात' आजच्या अर्थाला चालेल, १८८४च्या माणसांना नाही. 'आयाराम-गयाराम' तर अन्यायच. तो शब्द १९६७ साली हरियाणात पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलणाऱ्या आमदारावरून आला. 'बंडखोर' बरोबर आहे, पण आपल्याकडे बंडखोर म्हटलं की तिकीट न मिळालेला उमेदवारच डोळ्यांपुढे येतो. शिवाय त्यात हिणवणं नाही.

सध्या मन 'दीडशहाणे'वर आहे. पक्षापेक्षा स्वतःला शहाणे समजता काय, हा विरोधकांचा राग त्यात येतो. 'सोवळे'ही सुचला होता, पण त्याला आपल्याकडे जातीचा संदर्भ चिकटतो, म्हणून नको वाटतो. सरदारकीची छटा मात्र दोन्हींत हरवते, आणि मला ती फार आवडली आहे.

वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कुठल्याही बोलीत असा शब्द आहे का, की ज्यात मानाचं पद टोमण्यासारखं वापरतात? तुमच्या घरात, गावात ऐकलेला असेल तर तो नेमका कुणाला उद्देशून म्हणतात तेही लिहा. मजकूर रविवारी द्यायचा आहे.