चांदोली, कोयना, वासोटा: सह्याद्रीच्या रानातले तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती

फेब्रुवारीत चांदोलीला जाऊन आले. परतल्यावर भेटेल त्याचा एकच प्रश्न: वाघ दिसला का? नाही दिसला. वाघ आहे तिथे. २०१८ मध्ये वनखात्याच्या कॅमेऱ्यात टिपला गेला होता आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. पण हे रान ताडोब्यासारखं सपाट नाही. डोंगर, दऱ्या आणि मधे गच्च झाडी. दहा पावलांवरचं जनावर दिसत नाही.

चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २००४ साली मिळाला. २०१० मध्ये ते आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात या दोन्हींचं नाव लागलं.

आम्ही मणदूरच्या बाजूने आत गेलो. झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, सकाळी धुक्यात गव्यांचा कळप उभा होता. काळेभोर अंग आणि गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एक मादी आमच्याकडे बघत नाकातून फुरफुरली आणि सगळा कळप आवाज न करता झाडीत उतरला. एवढं मोठं जनावर इतकं हलक्या पावलाने जातं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. पुढे एका झाडाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते. वाटाड्याने बोट घालून दाखवलं, अर्धं पेर आत जात होतं.

तुम्ही या रानात काय पाहिलंत? वाघ सोडून सगळं लिहा.

सातारकर

कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर आजवर सात वेळा गेलोय. बामणोलीतून लाँच, शिवसागर जलाशयातून तासा-दीड तासाचा प्रवास, मग मेट इंदवलीला उतरायचं. तिथे वनखात्याची चौकी आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या, पुडे मोजून घेतात आणि परत येताना तेवढेच दाखवावे लागतात. काहींना ही कटकट वाटते. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यामुळेच वाट स्वच्छ राहिली आहे. मुक्काम करता येत नाही, उजेडातच परतीची लाँच गाठावी लागते. म्हणून पहाटे निघा.

ओढ्याकाठी मारुती आणि गणपती आहेत, तिथे पाणी भरून घ्या. पुढची चढण दाट झाडीतून आहे, भर दुपारीही ऊन लागत नाही. किल्ल्याला शिवरायांनी व्याघ्रगड नाव दिलं, ते उगाच नाही. गड राखणाऱ्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांशी झुंज दिली ती इथेच. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, तेव्हा हा गड पडला. बाबू कड्यावर उभं राहून समोर बघितलं की तो डोंगर किती जवळ आहे ते कळतं. तोफा कशा चढवल्या असतील त्या उभ्या कड्यावर, याचा विचार करत मी दर वेळी तिथे बसतो.

खेडची लेक

आम्ही कोकणातून चढतो. महाशिवरात्रीला चोरवण्यातून वासोट्याजवळच्या नागेश्वराला जायचं. माझी पहिली वारी आठव्या वर्षी, आजीचं बोट धरून. रात्रीच निघालो होतो, पुढेमागे बॅटऱ्यांची रांग, आणि थकलेला कुणी थांबला की मागून "हर हर महादेव". वर कड्याच्या पोटात गुहा. छतातून पाणी ठिबकतं ते थेट पिंडीवर. आजीने मला तो थेंब हातावर घ्यायला लावला होता. इतका गार होता की हात मागे घेतला, तर ती म्हणाली, "अगो, घे, घे, दरवर्षी नाय मिळत." आजी गेली. मी वर्ष चुकवत नाही.

शीळकरी

पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांना कळकळीची विनंती: मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. घरट्याच्या दिवसांत तो बिचारा प्रतिस्पर्धी आला म्हणून खाणं सोडून धावतो. शीळकरी कस्तुर ऐकायचा तर पहाटे ओढ्याकाठी गप्प बसा. माणूस निवांत शीळ घालत चाललाय असंच वाटतं.

संगमेश्वरी

प्रचितगडाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. शृंगारपूर म्हणजे येसूबाईंचं माहेर, तिथून वाट आहे. शेवटी लोखंडी शिड्या. गड चांदोली उद्यानाच्या हद्दीत येतो, परवानगी काढूनच जा. आमच्या गटातल्या एकाने कड्याखाली शेकोटी केली आणि आग्या मोहोळ उठलं. तिघांना उचलून खाली आणावं लागलं. धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका.

वारणाकाठ

सगळे अनुभव वाचले. माझा थोडा वेगळा आहे. आमचं गाव या रानात होतं. मी पुनर्वसनातल्या गावात वाढलो, जुनं गाव फक्त ऐकून माहीत. चार वर्षांपूर्वी परवानगी काढून आबांना घेऊन गेलो. वय अठ्ठ्याहत्तर.

मला तिथे नुसती कारवी आणि जांभळीची झाडी दिसत होती. आबा मात्र काठी टेकत सरळ चालत गेले आणि एका रायवळ आंब्याखाली थांबले. "हितं पडवी. हितं म्हशी. आन् ही चूल." मी पालापाचोळा बाजूला केला तर खरंच जोत्याचे दगड निघाले, एका रांगेत. एका दगडाला खळगा होता. आईचं कांडायचं उखळ ते. त्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि काठावर भेकराच्या पायांचे ठसे. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं, कोन तरी पितंय."

परत येताना वाटेत शेकरू दिसलं, गवे दिसले. आबांना त्यांचं अप्रूप नव्हतं.

धागाकर्ती

वारणाकाठ, तुमचं वाचून गलबलून आलं. आम्ही सड्यावरून फिरलो तेव्हा एका ठिकाणी तुळशीवृंदावन दिसलं होतं, त्याचा अर्थ आज कळला. गावदेवीचं काय केलं तुम्ही उठताना? ती तिथेच आहे का?

वारणाकाठ

ताई, देवी आमच्याबरोबर आली. पण तिला विचारल्याशिवाय कसं हलवणार? गाव उठायच्या आधी सगळी भावकी देवळात जमली आणि गुरवाने कौल लावला. पहिल्या दिवशी डावी कळी पडली, म्हणजे देवीचा नकार. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावी. बायका रडायला लागल्या, म्हातारी माणसं म्हणायला लागली की आई येत नाही तर आपणही नको. आबा सांगतात, त्या रात्री कुणाच्या घरी चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवी कळी पडली, देवीने होकार दिला. मग ट्रकमध्ये सामान भरायला घेतलं.