विषय: १० जुलै – नाईक यशवंत घाडगे यांचे स्मरण

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना मृत्यू पावलेले नाईक (सैन्यातील हुद्दा) यशवंत घाडगे यांना येत्या १० जुलैला आदरांजली वाहण्याचे कार्यकारिणीने ठरविले आहे. 'देशासाठी हुतात्मा झालेल्या या वीराच्या इटलीतील कासिनो येथील समाधीवर पुष्पचक्र वाहावे' असा निवेदनाचा मसुदा आहे. दुरुस्त्या असल्यास कळवाव्यात.

आपला,
चिटणीस

---

चिटणीस महोदयांस स. न. वि. वि.

कार्यक्रमाबद्दल आनंदच आहे. हरकत आहे ती 'समाधी' आणि 'हुतात्मा' या दोन शब्दांना. कासिनोला घाडगे यांची समाधी नाही. इटलीच्या मोहिमेत मारल्या गेलेल्या आणि ज्यांची थडगी ठाऊक नाहीत, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथील स्मारकावर कोरलेली आहेत आणि त्यांतच त्यांचे नाव आहे. ते पडले ते तेथून पुष्कळ उत्तरेला, वरच्या टायबर खोऱ्यात. त्याच भागातील मोंतोने येथे जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले.

दुसरा शब्द अधिक अवघड आहे. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा हा तरुण ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. त्या सैन्यात सक्तीची भरती नव्हती. माणसे स्वतःहून नाव नोंदवीत, कोणी पगारासाठी, कोणी घराण्याच्या रिवाजाने. घाडगे यांच्या मनात काय होते, हे आपण त्यांच्या वतीने ठरवू नये. १९४२ च्या आंदोलनातील हुतात्म्यांच्या पंक्तीत त्यांना बसविण्याने त्यांचा मान वाढतो असे मला वाटत नाही, आणि साम्राज्याचे चाकर म्हणून त्यांना वगळणे तर त्याहून अन्यायाचे होईल.

त्यापेक्षा घडले ते सरळ सांगावे. १० जुलै १९४४ रोजी अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील, म्हणजे छोट्या तुकडीतील, त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. ते एकटेच गनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी गन आणि ती चालविणारा निकामी केला, टॉमीगनने (हातात धरून चालवायच्या छोट्या मशीनगनने) आणखी एकास टिपले आणि मॅगझिन बदलण्यास सवड नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. त्यानंतर दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला तो मरणोत्तर. यात विशेषणाला जागा आहे असे मला दिसत नाही.

ग्रंथालय सांभाळणारा आपला एक सभासद

---

स. न.

पत्राबद्दल आभार. दोन्ही शब्द काढले आहेत. 'मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, इटलीत लढताना मृत्यू, १० जुलै १९४४' एवढेच निवेदनात राहील, आणि त्याखाली आपण लिहिलेला प्रसंग जसाच्या तसा वाचला जाईल. पुष्पचक्र मोंतोनेला वाहू. कासिनोला जाणाऱ्या सभासदांनी स्मारकावरील नाव शोधून त्याचे छायाचित्र पाठवावे.

चिटणीस