वेळ सलग, निकाल तुकड्यांत

बुद्धिबळ ‘खंडित’ (एकेका सुट्या चालीनं पुढे जाणारं) आणि शर्यती ‘अखंड’ (सलग वेळेत मोजल्या जाणाऱ्या), अशी खेळांची एक वाटणी केली जाते; ती मला अर्धीच पटली. पटावरचं ठीक (घड्याळ सोडून!), पण शर्यतींचं काय? १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मिडले (चार शैलींत मिळून) पोहण्यात गुन्नार लार्सननं टिम मॅकीला ०.००२ सेकंदांनी हरवलं. तेवढ्यात पोहणारा जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. तलावाच्या दोन लेनच्या लांबीतच त्याहून जास्त फरक निघू शकतो! म्हणून पुढे निकाल मुद्दाम शतांश सेकंदावरच थांबवायला लागले. घड्याळाला त्याहून बारीक कळत असूनही. मग रिओ ऑलिंपिकला २०१६मध्ये १०० मीटर बटरफ्लाय पोहण्यात फेल्प्स, ल क्लो आणि चेह हे तिघेही ५१.१४ सेकंदांवर. तिघांनाही रौप्य, कांस्य कुणालाच नाही.