तळ्याकाठचे घर आणि मातीचा बांध

दादा (अटलांटा): अण्णाकाका, नमस्कार. आम्ही येथे शहराच्या उत्तरेस एक घर पाहिले आहे. वसाहतीच्या मध्ये छोट्या मातीच्या धरणाने अडवलेले तळे असून त्यात होड्या चालतात, मासेमारी होते आणि काठाने फिरायला वाट आहे. तळे व धरण दोन्ही घरमालकांच्या असोसिएशनच्या मालकीचे आहेत. तुम्ही पाटबंधारे खात्यात आयुष्य काढले आहे, म्हणून होकार कळवण्यापूर्वी तुमचे मत हवे आहे. फोटो पाठवत आहे.

आत्या: फोटो सुरेख आहेत. पण पाण्याला लागून घर म्हणजे डास किती, तेही विचारून घे.

अण्णाकाका: सगळे फोटो पाण्याच्या बाजूचे आहेत. धरण पाहायचे असते ते कोरड्या बाजूने, म्हणजे भरावाच्या खालच्या उतारावरून आणि पायथ्याशी उभे राहून. शिवाय असोसिएशनची मालकी याचा अर्थ नीट समजून घे. घर घेतलेस की त्या धरणाचा एक हिस्सेदार तूही होशील, आणि दुरुस्तीचा खर्च निघाला की वर्गणी तुझ्याही दारी येईल.

वहिनी: काका, असोसिएशनच्या बाई म्हणाल्या की हे धरण राज्याच्या परवान्याच्या कक्षेतच येत नाही. म्हणजे धोका नाही, असेच ना?

अण्णाकाका: तसे मुळीच नाही. तुमच्या जॉर्जिया राज्याचा धरण सुरक्षा कायदा १९७८ सालचा आहे. २५ फूट किंवा त्याहून उंच, अथवा १०० एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभे राहील इतके पाणी) किंवा त्याहून जास्त साठ्याची धरणे त्याच्या कक्षेत येतात. त्यांतले जे फुटल्यास खाली माणसे दगावण्याचा संभव असतो ते पहिल्या वर्गात जाते आणि त्याला परवाना व तपासणी लागते. बाकीची दुसऱ्या वर्गात राहतात. हा वर्ग धरणाच्या प्रकृतीवरून ठरत नाही, खाली कोण राहते त्यावरून ठरतो. उद्या ओढ्याकाठी कोणी नवी घरे बांधली, तर धरणाला हात न लावताही ते पहिल्या वर्गात जाऊ शकते, आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडून देण्याची वाट, मोठा करण्याचा खर्च वरच्या वसाहतीच्या माथी बसतो. मला तरी हा व्यवहार अन्यायाचा वाटतो, पण तो असाच आहे.

हा कायदा झाला तो तुमच्याच राज्यातल्या टोकोआच्या दुर्घटनेनंतर. तिथल्या केली बार्न्स धरणाचे मूळ काम १८९९ सालचे, दगड भरलेल्या लाकडी चौकटींचे होते. पुढे एका धार्मिक शिक्षणसंस्थेने विजेसाठी त्यावर मातीचा भराव घातला आणि तो वाढवतही नेला. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली आणि सुमारे ४० एकरांचे ते तळे केवळ विरंगुळ्यापुरते उरले. धरण जेमतेम ३८ फूट उंच होते. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे दीडच्या सुमारास, दोन-चार दिवसांच्या जोरदार पावसानंतर ते फुटले. पाणी १८६ फुटांच्या धबधब्यावरून थेट महाविद्यालयाच्या आवारातील झोपलेल्या वस्तीवर कोसळले आणि ३९ माणसे गेली. चौकशीत एकच एक कारण सिद्ध झाले नाही, मात्र खालचा उतार फारच उभा होता आणि त्याचा काही भाग आधीही घसरलेला होता, एवढे स्पष्ट झाले. ज्या धरणाचा कोणाला काही उपयोग उरलेला नसतो, त्याची देखभाल सर्वांत आधी सुटते.

ताई: राष्ट्राध्यक्ष कार्टर तर जॉर्जियाचेच होते ना?

अण्णाकाका: हो. त्यांनी लगेच देशभरातील फुटल्यास खाली मोठा धोका असलेली, केंद्र सरकारच्या मालकीची नसलेली सुमारे ९,००० धरणे तपासायला लावली. तपासणीचा कायदा १९७२ पासून होता, पण त्यासाठी पैसे फारसे दिलेच गेले नव्हते.

दादा: काका, आज पायथ्याशी जाऊन आलो. उतारावर पाइनची मोठी झाडे आहेत. भरावातून येणारा नळ पन्हाळी पत्र्याचा असून त्याचे तोंड गंजलेले आहे, आणि त्याच्या डाव्या अंगाला जमीन ओली असून तिथे लव्हाळे माजले आहेत. सांडव्याच्या तोंडावर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावली आहे.

अण्णाकाका: मातीचे धरण थोडे पाझरणारच, त्याला घाबरू नकोस. पाझर स्वच्छ आहे की गढूळ, हे काचेच्या बाटलीत धरून पाहा. गढूळ असेल तर पाण्याबरोबर भरावाची माती निघून चालली आहे, असे समज. नळाची मला अधिक काळजी वाटते. असे पत्र्याचे नळ काही दशकांत सडतात आणि मग माती नळाच्या कडेने किंवा नळातच वाहू लागते. झाडे असोसिएशनने घाईने तोडू नयेत. मोठे झाड तोडल्यावर मुळे कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते, म्हणून ते काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. जाळी मात्र आजच काढायला सांग. एका पावसात पालापाचोळा अडकला की सांडवा बंद, पाणी माथ्यावरून, आणि माथ्यावरून वाहणारे पाणी मातीच्या धरणाला तासाभरात कापू शकते.

आत्या: आमच्या पानशेतलाही नळाचेच काहीतरी निमित्त झाले होते ना?

अण्णाकाका: हो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा नळाच्या मार्गाचे काम अपुरे होते आणि त्याच्याच वरचा भराव खचला. आकाराने तुलना होणार नाही, पण मातीतून नळ न्यायचा म्हणजे कच्चा दुवा तिथेच राहतो.

वहिनी: मग घर घ्यायचे की नाही?

अण्णाकाका: अभियंत्याने केलेल्या शेवटच्या तपासणीचा लेखी अहवाल, नळ कोणत्या साली बसवला त्याची नोंद, धरणासाठी राखून ठेवलेला निधी आणि आपत्कालीन आराखडा, एवढे असोसिएशनकडे मागा. निधी शून्य असेल, तर नळ बदलण्याचा खर्च घराच्या किमतीतच धरा. अहवालच नसेल, तर तुमच्या जागी मी सही करणार नाही.

दादा: मागितले आहे. जाळी काढण्याविषयी त्यांनी 'पुढच्या बैठकीत पाहू' असे उत्तर दिले आहे.

अण्णाकाका: त्या बैठकीची तारीख आणि पुढचा पावसाचा अंदाज, दोन्ही कळव.