टेलिग्राम ग्रुपच्या स्लो मोडला ५ मिनिटं जास्तच होतात
स्लो मोड म्हणजे एक मेसेज टाकला की पुढचा टाकायला ठरावीक वेळ थांबावं लागतं. अशी लिमिट लावली की ग्रुपवर लोकांचं बोलणंच बंद होतं असं काही जण म्हणतात ते मला नाही पटत, यात टायमर प्रत्येकाचा वेगळा असतो, एकाने मेसेज टाकला म्हणून दुसरा अडकत नाही. आमच्या खारघरच्या सोसायटीत पाणी गेलं की दोघं-तिघं ग्रुपवर रात्रभर भांडायचे आणि टँकर किती वाजता येणार तो मेसेज पार वर निघून जायचा, सकाळी आजी-आजोबा गेटवर वॉचमनला विचारत उभे. ५ मिनिटं लावली तसं लोक एकाच मेसेजमध्ये नीट लिहायला लागले.

पण एवढी मोठी ठेवू नका खरंच. एकदा लिफ्टमध्ये अडकलेल्या काकूंनी घाबरून ‘लिफ्ट बंद पडली’ एवढंच टाकलं, विंग लिहायची राहिली आणि पुढचा मेसेजच जाईना. त्याच रात्री १ मिनिटावर आणली.