शब्दचर्चा : मंत्री, संत्री आणि आमचा संत्रा

मूळ प्रश्न एवढाच होता की संत्रा 'तो' का 'ते'. त्याच्यावरून रविवारी आमच्या घरी जे रामायण झालं ते इथं लिहून काढतो, कारण दोन दिवस झाले डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं.

झालं असं की काटोलहून मामा आले, गाडीत आंबिया बहाराच्या, म्हणजे थंडीच्या तोंडावर निघणाऱ्या संत्र्यांचं एक कॅरेट. आमची वहिनी पुण्याची, लग्नाला सहा वर्षं झाली पण तिची मराठी अजून मुळा-मुठेच्या काठीच बसून आहे. तिनं सोलता सोलता म्हटलं, "मामा, काय गोड आहे हो हे संत्रं!" बस. मामांनी हातातली फोड परत सालीत ठेवली. "सूनबाई, संत्रं नाही. संत्रा. तो संत्रा. आमच्या वावरात पिकते तं नाव बी आमीच ठेवू ना."

आता भांडण खरं म्हणजे लहान आहे. आपल्याकडे नागपुरात तो संत्रा, अनेक असले की संत्रे. तिकडं ते संत्रं आणि अनेक असली की ती संत्री. पण गंमत बघा, प्रत्यय लागला की दोघं एकाच ठिकाणी येतात. संत्र्याची बर्फी, संत्र्याचा रस, संत्र्यात बिया. बर्फी मागताना नागपूर-पुणे वाद होऊच शकत नाही. हे मी सांगितलं तर बाबा पेपरामागून म्हणाले, "मंग बर्फीच आणायची होती ना."

वहिनी पण सोडणारी नाही. ती म्हणे, संत्री म्हणजे पहारेकरी पण होतो की, तो मंत्री-संत्री मधला संत्री. बरोबर आहे तिचं, तो संत्री इंग्रजीतल्या सेंट्रीवरून आला, त्याचा फळाशी काही संबंध नाही. पण मी मोबाईल काढून मँडरिन या शब्दाच्या मागे लागलो, आणि इथून पुढं सगळं हाताबाहेर गेलं.

तर ऐका. आपला नागपुरी संत्रा हा शास्त्राच्या हिशोबानं मँडरिन जातीचा, सैल सालीचा, नखानं सोलला जाणारा. आणि हा मँडरिन शब्द कुठून आला? आपल्या संस्कृत 'मंत्रिन्' वरून! मंत्री शब्द समुद्रापार मलय भाषेत गेला, तिथं झाला मेंतेरी. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतलं, तिथं त्यांच्या कानावर तो पडला आणि त्यांनी त्याचा मांदारिम केला, त्यांच्या भाषेत 'हुकूम देणे' याला मांदार म्हणतात म्हणून तो तोंडात अजूनच फिट्ट बसला. हा शब्द ते चीनच्या बादशहाच्या अधिकाऱ्यांना वापरू लागले. त्या अधिकाऱ्यांच्या बोलीला युरोपवाले मँडरिन म्हणू लागले, आणि चीनकडच्या या फळाला पण मँडरिन, बहुतेक त्या अधिकाऱ्यांच्या पिवळ्या-केशरी झग्यांच्या रंगावरून. चिनी लोकांनी स्वतः यातलं काही म्हटलं नाही, त्यांच्याकडं अधिकाऱ्याला 'ग्वान' म्हणतात, ते बिचारे या भानगडीत कुठंच नाहीत.

म्हणजे हिशोब करा. संत्रा म्हणजे मँडरिन म्हणजे मंत्री. मंत्री-संत्री हा जोडशब्द नाहीच, एकच माल दोनदा मोजला आहे.

मामा पाच मिनिटं हसत होते. १९५३ च्या नागपूर करारामुळं दर वर्षी डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला अख्खं मंत्रिमंडळ इकडं येते, आणि कळमन्याच्या मार्केटात संत्र्याचे ढीग पण तेव्हाच लागलेले असतात. मामा म्हणे, "म्हंजे थंडीत नागपुरात दोन टाईपचे मंत्री उतरते. एक आपल्याले सोलता येते, दुसरा आपल्याले सोलते."

बाबांनी पेपर खाली ठेवला. घरात ही मोठी घटना असते.

त्यांचा मुद्दा वेगळाच होता. ते म्हणे मँडरिन-बिंडरिन राहू दे, ऑरेंज हा शब्द तर आपलाच आहे ना, नारंग? हाव, तो पण आपलाच. संस्कृत नारंग, मूळ बहुधा दक्षिणेकडचं, मल्याळममध्ये आजही नारंगा म्हणतात पण लिंबाला, तेलुगूत नारिंज. तिथून फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा. स्पेनपर्यंत 'न' शाबूत आहे. पुढं इटली-फ्रान्सकडं गेल्यावर तो गळला. तिकडं नामाच्या आधी 'एक' अशा अर्थाचं 'उन', 'उना' लावायची सवय, 'उना नारांचा' म्हणता म्हणता दोन न एकमेकांत घुसले आणि लोकांना वाटलं न मागच्या शब्दाचाच आहे. उरला आरांचा, त्याचा पुढं ऑरेंज.

इथं मामेभाऊ जागा झाला, कारण मी म्हटलं अंपायरचं पण असंच आहे. जुन्या इंग्रजीत तो नंपायर होता, फ्रेंच 'नॉनपेर' वरून, म्हणजे जोडीत नसलेला, दोघांच्या मधला तिसरा. 'अ नंपायर' चं 'अॅन अंपायर' झालं. अॅप्रनचं पण तेच, तो होता नॅप्रन, नॅपकिनचा भाऊ. मामेभाऊ म्हणे, "म्हणजे अंपायर जन्मापासूनच चुकीच्या निर्णयावर उभा आहे." त्याला मागच्या महिन्यात मोहल्ल्याच्या टूर्नामेंटमध्ये एलबीडब्ल्यू दिलं होतं, त्याचा राग अजून आहे. मग त्यानंच पुढची सोडली, "इंग्रजांनी आपल्या गावाचं असं केलं असतं तं? अ नागपूर, अॅन आगपूर!" मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की हे नाव चुकीचं आहे असं म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही.

नाग निघालाच आहे तर, संस्कृतात संत्र्याच्या झाडाला 'नागरंग' असा पण शब्द आहे. हे वाचल्याबरोबर मामांची छाती फुगली, नागपूरचा रंग तो नागरंग. मला नाही म्हणावं लागलं. इकडं संत्र्याची कलमं भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून आली असं सांगतात, संस्कृत शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. मामा दोन मिनिटं गप्प होते.

आणि रंगाचं ऐका, इंग्रजीत आधी फळ आलं, मग रंगाला नाव मिळालं. त्याच्या आधी ते लोक 'पिवळा-लाल' असं जोडून म्हणायचे किंवा सरळ लालच म्हणायचे. तो रॉबिन पक्षी आहे ना तिकडचा, छाती चक्क नारिंगी, नाव मात्र रेडब्रेस्ट, कारण नाव ठेवलं तेव्हा ऑरेंज शब्द त्यांच्याकडं पोचलाच नव्हता. आई म्हणे, "केशरी, भगवा, शेंदरी, नारिंगी, एवढे शब्द आपल्याकडं पडून आहेत, एखादा मागितला असता तं दिला असता." त्यात अजून एक मेख म्हणजे ज्या फळावरून रंगाचं नाव पडलं ते फळ गरम हवेत पिकलं तरी हिरवंच राहू शकते. सालीतला हिरवा रंग उतरायला रात्रीची थंडी लागते. म्हणून आपला संत्रा डिसेंबरात रंगावर येतो. मामांना हे नवीन नव्हतं, "हिरवा दिसला का गिऱ्हाईक आंबट म्हनते," एवढंच बोलले.

आता संत्रा शब्दाचं. पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ सिंत्रा नावाचं गाव आहे आणि त्यावरून संत्रा आला असं काही जुन्या कोशांत दिलेलं आहे. मला हे पचत नाही. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांची यादी दिली आहे, त्यात नारंज वेगळा आणि संगतरा वेगळा. बाबर इकडं आला १५२६ ला, पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० ला. सोळा वर्षांत गोव्यातून शब्द निघून आग्र्याला जाऊन रूळला पण? आणि नेपाळीत सुन्तला म्हणतात, तो कोण पोर्तुगीज घेऊन गेला डोंगरात? तुमच्याकडं याच्याहून चांगला पुरावा असला तर सांगा, मी माघार घेईन.

मोसंबी मात्र नक्की परदेशी, मोझांबिकवरून. बंगालीत पपनसाला बातावी लेबू म्हणतात, ते बाताविया म्हणजे आजच्या जकार्तावरून. फळांच्या गाडीवर उभं राहिलं की अर्धा भूगोल समोर असतो. पेरूचं तर विचारूच नका, वहिनी ज्याला पेरू म्हणते त्याला आम्ही जाम म्हणतो, आणि पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की पक्षी, ज्याला तुर्कस्तानात 'हिंदी' म्हणतात. म्हणजे इंग्रज म्हणतो हा तुर्की, तुर्क म्हणतो हा हिंदी, आणि पक्षी मुळात अमेरिकेचा.

पण खरा बॉम्ब मोसंबीनंच टाकला. शास्त्राप्रमाणं इंग्रजीत ज्याला स्वीट ऑरेंज म्हणतात, ज्याचा ज्यूस जगभर डब्ब्यात विकतात, त्या जातीत बसते आपली मोसंबी. संत्रा नाही! संत्रा मँडरिन. म्हणजे ऑरेंज सिटी म्हणून आपण जे मिरवतो, ते बोर्ड खरं तर जालन्यात लागायला पाहिजेत, मोसंबी त्यांची.

कोणी काही बोललं नाही. मामांनी तर माझ्याकडं असं पाहिलं जसं काही मी कॅरेटमधून फळं चोरली. "दोन हजार चौदाले जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, भेटला आपल्या संत्र्याले. ते का फुकटचा देला?" मी म्हटलं मामा, जीआय नागपुरी संत्र्यालाच आहे, तो कोणी काढत नाही, नावाचाच काय तो घोळ.

वाचवलं पुन्हा शास्त्रानंच. लिंबूवर्गीय फळांत मूळ जाती मोजक्या, त्यात पपनस आणि मँडरिन येतात, आणि स्वीट ऑरेंज हे या दोघांच्या संकरातून झालेलं. म्हणजे ऑरेंज हे संत्र्याच्या खानदानातलं पोरगं. मामांचा चेहरा जो उजळला! "मंग बोर्ड राहू द्या. पोरगं जालन्यात कामाले गेलं, बाप नागपुरातच हाये." वर म्हणे आमच्या झाडाचं तरी खालून कुठं संत्र्याचं असते, जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो तेव्हा कलम होते, मुळं जंबेरीचीच. वहिनी म्हणाली, "म्हणजे मी कलम आहे, मुळं पुण्याची." मामा म्हणे, "हाव, पन फळ इकडचं लागलं पाह्यजे." तिनं तरी शेवटपर्यंत 'संत्रा' म्हटलं नाही.

जाताना वहिनीच्या माहेरी पाठवायला मामांनी एक पेटी भरली. ट्रॅव्हल्सच्या पार्सलला द्यायची होती म्हणून त्यांनी स्केचपेन मागितला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "१ पेटी मंत्री. दाबू नये." काउंटरवरच्या पोरानं आधी ते वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग पेटी उघडायला लावली. तीन फळं त्याला द्यावी लागली. एक सोलत सोलत तो म्हणे, "दादा, नाव काही बी लिवा, पन हा संत्रा चांगला हाये."

वहिनीला मी फक्त एवढंच कळवलं की तो 'हा' म्हणाला.